अप्पांच्या गाडीची पारख

येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, लातूर शहर ओस पडतं. दुकानांची शटरं खाली, चौकात रिक्षा नाही, आणि ज्याला शेत नाही तो ज्याला आहे त्याच्या गाडीत मागे बसून निघालेला. अशा दिवशी शिवप्रसादने उजाडायच्या आत वडिलांची गाडी धुवायला काढली. धुऊन पुसून, बोनेटवर विभूतीचे तीन पट्टे ओढून, लिंबू-मिरची बदलून तो चार हात लांब उभा राहिला आणि म्हणाला, "कोण म्हणंल हिला जुनी?" त्याची बायको ज्योत्स्ना आंबिलीचं मडकं, म्हणजे बिंदगी, दोन्ही हातांनी धरून मागे उभी होती. तिला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून ती बोलली नाही.

सात सीटची पांढरी डिझेल गाडी. घरात तिला कंपनीच्या नावाने कुणी कधी ओळखलं नाही. ती अप्पांची गाडी. सिद्धेश्वरअप्पा लिंगैक्य झाले त्याला पौषात वर्ष होणार होतं, आणि गाडी अजून अप्पांचीच होती. आता ती मंजुषाची व्हायची होती. शिवप्रसादने बहिणीला तसं फोनवर सांगूनही टाकलं होतं.

"मंजू, जुन्या गाड्या बघत दारोदार फिरू नको. अप्पांची गाडी तुला दिली. येळवशीला जेवायला ये. अमावस्येला किल्ली देत न्हाईत, दुसऱ्या दिवशी घेऊन जा."

"बरं दादा," मंजुषा म्हणाली होती. आपल्याकडच्या बहिणींच्या 'बरं दादा'त काय काय मावतं, हे भावांना जन्मभर कळत नाही.

शिवप्रसादच्या मनात काही वाकडं नव्हतं. उलट गेल्या उन्हाळ्यापासून त्याच्या घशात एक घास अडकला होता. अप्पांच्या मागे शेताची कागदं झाली, तेव्हा मंजुषा धर्माबादहून आली, हक्कसोडीवर सही केली, साडी घेतली आणि संध्याकाळच्या एस्टीने परत गेली. एक शब्द बोलली नाही. कायदा बहिणीला वाटा देतो आणि रीत तिच्याकडून सही घेते. सही घेताना शिवप्रसादने मान वर केली नव्हती. तेव्हापासून त्याला बहिणीला काहीतरी मोठं द्यायचं होतं, आणि घरात अप्पांच्या गाडीपेक्षा मोठं काय होतं?

*

त्याच वेळी नांदेडहून अमरनाथची छोटी गाडी अहमदपूर मागे टाकून लातूरकडे येत होती. अमरनाथ हे तिघा भावंडांतलं शेंडेफळ, नांदेडला राहणारं. शेजारी मंजुषा बसली होती आणि मागच्या सीटवर तिचा नवरा बसवराज डोळे मिटून पडला होता. आदल्या दिवशीच त्याचं डायलिसिस झालं होतं.

धर्माबादच्या मिरची बाजारात एके काळी बसवराजचा आवाज लिलावाच्या वर चढायचा. आता बोलतानाही त्याला दम लागे. आठवड्यातून दोनदा नांदेड गाठायचं, तेही पहाटे निघून, कारण पहिल्या पाळीत नंबर लागला तरच दिवसाउजेडी घरी येता येतं. रेल्वे होती. पण येताना माणूस पिळून काढलेला, आणि त्याला फलाटावर बसवून ठेवणं मंजुषाला बघवत नव्हतं. भाड्याची जीप सांगितली तर जीपवाला कधी येई, कधी फोन उचलत नसे. पोरगी ऋतुजा शिकायला पुण्याला. म्हणून पंचेचाळिशीला आलेली मंजुषा गाडी चालवायला शिकली. धर्माबादच्या चार बायका आधी हसल्या, आणि मग त्यांतल्या दोघी शिकायला आल्या.

गेले काही महिने ती नांदेडला आली की बसवराजला मशीनवर लावून अमरनाथसोबत जुन्या गाड्या बघायला जाई. पहिल्या गाडीच्या वेळी तिने रंग बघितला. दुसरीच्या वेळी गाद्या बघितल्या. तिसरी गाडी घेता घेता राहिली, आणि घेतली नाही म्हणून वाचली, कारण गार असताना ती सुरू होत नव्हती, आणि ते कळू नये म्हणून मालकाने ती आधीच चालू करून गरम करून ठेवली होती. त्यानंतर मात्र ती आधी बोनेटवर हात ठेवून बघू लागली. इंजिन गार असलं तरच पुढचं बोलायचं. आता तिला एका रिटायर मास्तरांची गाडी पसंत पडली होती. पेट्रोलवर चालणारी, पाच सीटची, एकाच मालकाच्या हातातली.

"आक्का, आजच सांगून टाक," अमरनाथ म्हणाला. "मास्तर दुसऱ्याला देतील. तसली गाडी पुन्हा भेटायची न्हाई."

"तू सांग की. तू भाऊ हाईस."

"मी धाकटा. माझं कोण ऐकतंय? पण तू बोललीस तर मी तुझ्या बाजूनं. बसवण्णाची आण."

मागून बसवराज डोळे न उघडता म्हणाला, "कुणीबी काही बोलू नका. देणाऱ्याचा हात धरू न्हाई. माझ्यापायी तुमच्यात वाकडं नको."

"तुमच्यासाठीच तर गाडी लागूलालीय," मंजुषा म्हणाली.

"म्हणून तर म्हणतो. माझ्यापायी नको."

आजारी माणूस इतका समजूतदार झाला की त्याची जास्तच भीती वाटते.

*

शेत निलंग्याच्या अलीकडे, रस्त्याला लागून. कडब्याची कोप उभी केलेली, आत चुन्याने रंगवलेले पाच पांडव, त्यांच्यावर नवी शाल. तूर शेंगांनी वाकली होती आणि हरभरा घाट्यावर आला होता. अव्वा, म्हणजे तिघांची आई जगदेवी, पदर खोचून भज्जीच्या, म्हणजे पालेभाज्या आणि ओल्या दाण्यांच्या मिसळीच्या, पातेल्यापाशी बसली होती आणि सुनेला सांगत होती की तुझ्या हातची भज्जी चांगली होते, पण मीठ मात्र तू नेहमी विसरतेस. ज्योत्स्ना हसत होती. मीठ विसरायची ती सासूच, आणि तेव्हा ज्योत्स्ना स्वतः हळूच टाकायची आणि श्रेय सासूला द्यायची. लग्नाला पंचवीस वर्षं अशीच निघाली होती.

पूजा झाली. मग शिवप्रसाद आंबिलीचं मडकं घेऊन शेताला फेरी घालायला निघाला. ज्वारीच्या ताटांवर आंबील शिंपडत त्याने हाळी दिली, "ओलगे ओलगे, सालम पोलगे!"

दरवर्षी ही येळवशीची हाळी अप्पा द्यायचे. शेजारच्या शेतातले लोक म्हणायचे, सिद्धेश्वरअप्पा ओरडले, आता जेवायला बसा. शिवप्रसादचा आवाज बांधापर्यंत गेला आणि तिथेच बसला. दुसरी हाळी अर्ध्यावरच तुटली. मागून अमरनाथने आवाज लावला, मग मंजुषानेही लावला. बायका हाळी देत नाहीत, पण त्या दिवशी कुणी हटकलं नाही. वर्षभर शिवप्रसाद आणि धाकटी दोघं एकमेकांशी बेताबेताने बोलत होती. त्या फेरीत ती पुन्हा एका घरची झाली.

जेवणं लांबली. बाजरीचे उंडे, भज्जी, आंबील, वर गव्हाची खीर. बसवराजला मंजुषाने वाटीभर भज्जी आणि दोन घोट आंबील दिली, कारण त्याला पाणीसुद्धा मोजूनच. लिंबाखाली गाडी उभी होती. सावली सरकली तसं तिच्या काचेवर ऊन आलं, आणि बोलता बोलता विषय तिच्यावर गेला.

"अमरच्या लग्नाला निघालतो, आठवतं का?" शिवप्रसादने सुरुवात केली. "अहमदपूरच्या चढावर गाडीनं वाफा सोडल्या. अप्पा म्हणाले, धाप लागली बिचारीला. सगळी उतरा."

"मी नवरदेव!" अमरनाथ म्हणाला. "डोक्याला फेटा, हातात घागर. शेतातल्या हिरीवरनं पाणी आणून राहिलो, अन् बाया इचारूलालत्या, बाबा, कुणाच्या घरी पाणी भरतोस? म्हणलं, सासऱ्याच्या."

"व्याह्याला नेलेले लाडू तिथंच संपवले आपण," ज्योत्स्ना म्हणाली. "मंडपात रिकामा डबा घेऊन गेलो."

सगळे हसले. अव्वाही हसली, पण तिचा हात उंडा मोडता मोडता थांबला होता.

"अन् सकाळचा धक्का!" मंजुषाला राहवलं नाही. "संक्रांतीला मी माहेराला आले की थंडीत आधी गाडीला धक्का, मग तिळगूळ. अप्पा आत बसून 'हाण! हाण!' करायचे. अव्वा, तूबी मागं यायचीस पदर बांधून."

"आख्खी गल्ली यायची," शिवप्रसाद म्हणाला. "नागुबाई तर दळण खाली ठेवून यायची. गाडी सुरू झाली की अप्पा तिला बसवून गिरणीपर्यंत सोडायचे."

मग उंदरांची गोष्ट निघाली. गाडी काही दिवस अप्पांच्या आडत दुकानाच्या गोदामात, तुरीच्या पोत्यांच्या बाजूला उभी असायची, आणि एका दसऱ्याला उंदरांनी आतल्या वायरी कुरतडल्या. त्या सालात उजवा इंडिकेटर लावला की वायपर सुरू व्हायचा. अप्पा म्हणायचे, गाडी शहाणी आहे, पाऊस यायच्या आधीच पुसून घेते. मग पोत्यांची निघाली. मागची सीट काढून अप्पा इतकी पोती भरायचे की गाडी मागून बसायची, आणि दिव्यांचा उजेड रस्त्यावर कमी न् झाडांच्या शेंड्यांवर जास्त पडायचा. एकदा तर उजेडात घुबड दिसलं, आणि अप्पांनी गाडी थांबवून त्याची माफी मागितली.

मंजुषाच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी आलं. वडील गेल्यापासून ती इतकी हसली नव्हती. पदराने डोळे पुसताना मात्र तिला एकदम जाणवलं की भाऊ हसत हसत जे सांगतोय, तेच ती नांदेडला प्रत्येक मालकाला खोदून खोदून विचारत होती. गरम होते का? थंडीत लगेच सुरू होते का? वायरिंग कधी जळलंय का? मागचे पाटे बसलेत का? परक्या मालकांनी एकाही प्रश्नाचं खरं उत्तर दिलं नव्हतं. इथे सगळी उत्तरं मिळत होती, आणि तीही प्रेमाने.

"दादा," तिने विचारलं, "ते वाफा सोडायचं मग बंद कसं झालं?"

"अप्पांनी महादेवप्पा मिस्त्रीला सांगून आतला व्हॉल्वच काढून टाकला. त्यो अडवत होता पाण्याला. तवापासून गरमच होत न्हाई."

"अन् पाणी कुठलं घालता?"

"बोअरचं. दुसरं कुठलं? लातुरात माणसाला प्यायला पाणी न्हवतं त्या सालातबी अप्पांनी गाडीला तहानलेली ठेवली न्हाई." शिवप्रसादच्या आवाजात अभिमान होता.

व्हॉल्व काढला की इंजिनाला हवी तेवढी ऊब कधीच येत नाही, आणि ते गारठ्यात झिजत जातं, हे मंजुषाला नांदेडच्या गॅरेजवाल्याने सांगितलं होतं. बोअरच्या पाण्याचा क्षार घागरीला जसा पांढरा धरतो, तसा आतल्या नळ्यांनाही धरतो. अप्पांनी लेकरासारखी जपली होती गाडी, आणि जपता जपताच तिचं वाटोळं केलं होतं. बापावर रागवावं तर तो नाही. हसावं तर उद्या त्याच गाडीत नवऱ्याला घालून पहाटे निघायचं आहे.

*

जेवणानंतर माणसं पांगली. मंजुषा उठली आणि पाय मोकळे करायला जावं तशी गाडीकडे गेली. बोनेट उघडलं. ऑइलचं झाकण फिरवून आतल्या बाजूला बोट लावलं, तर ताकावर येतो तसा पांढुरका थर, म्हणजे ऑइलात पाणी मिसळलेलं. रेडिएटरचं पाणी चहाच्या रंगाचं. पुढचे टायर आतल्या बाजूने खाल्लेले.

"धर्माची गाय अन् दात का गं न्हाई?"

मंजुषा दचकली. ज्योत्स्ना मागे उभी होती. म्हण हसत टाकली होती, पण लागायची तिथे ती लागली. मंजुषाने झाकण फिरवून घट्ट लावलं.

"वैनी, तुमीबी असं म्हणावं?"

ज्योत्स्नाचा चेहरा उतरला. तिने कोपीकडे एकदा बघून घेतलं आणि आवाज खाली आणला. "ताई, खरं सांगू? मला इचाराल तर घेऊ नका. मी दोन वर्षं झालं सांगूलालेय ह्यांना, ही काढा, नवी घ्या. ऐकत न्हाईत. रोज सकाळी दुकानाला जायच्या आधी हिच्यात जाऊन बसतेत. चालू करतेत, बंद करतेत. पण चारचौघांत नको म्हणू नका. लई जीव लावून देऊलालेत तुमाला. माझ्या माणसाला खाली बघायला लावू नका."

म्हणजे पाठिंबाही हिचाच आणि अडवणूकही हिचीच. मंजुषाला रडावं की हसावं कळेना. तेवढ्यात शिवप्रसाद आला. त्याने बोनेट उघडं बघितलं, बहिणीच्या बोटाला लागलेलं ऑइल बघितलं, आणि त्याचं तोंड एवढंसं झालं.

"काय बघूलालीस मंजू?"

"दादा, ही पहाटे सुरू होते का? पहिल्या सेल्फला?"

"होते की." मग त्याला स्वतःलाच ते खोटं वाटलं. "दोन-तीनदा कुंथते. डिझेल हाय ती. थंडीत कोणती डिझेल कुंथत न्हाई?"

"मला पहाटेच निघावं लागतं."

"म्हणजे? अप्पांची गाडी तुला खराब वाटली?"

आवाज चढला तसा अमरनाथ आला, मागून बसवराजही काठीच्या आधाराने आला. मंजुषाने धाकट्याकडे बघितलं. "अमर, सांग की."

अमरनाथने हरभऱ्याकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं. "दादा म्हणतोय तर... गाडी तशी दणकट हाय, आक्का." बसवण्णाची आण अहमदपूरच्या रस्त्यावरच राहिली होती.

"आमाला पसंत हाय, दादा," बसवराज घाईने म्हणाला. "मंजू, बास. गाडी घेतली."

शिवप्रसाद कुणाकडे न बघता ड्रायव्हरच्या सीटवर बसला. किल्ली फिरवली, आणि गाडी पहिल्याच सेल्फला सुरू झाली. न कुंथता, न अडखळता. मागून निळसर धूर निघून तुरीवर पसरला आणि विरून गेला. इंजिनाचा तोच जुना घरघरता आवाज शेतभर झाला, आणि क्षणभर सगळ्यांनाच वाटलं की आता आतून 'बसा रे पटापट' अशी हाक येणार. शिवप्रसादचे डोळे भरून आले. तो खिडकीतून ओरडला, "बघ! बघ मंजू!"

दुपारच्या उन्हात तापलेली डिझेल गाडी सुरू होणारच, हे मंजुषाला माहीत होतं. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय, हेही माहीत होतं. पण तो आवाज ऐकून तिलाच ती गाडी हवीशी झाली. तिला अप्पा हवे होते. भाऊ रडतोय, नवरा 'हो' म्हणतोय, वहिनी हात जोडल्यासारखी बघतेय. एवढ्या माणसांपुढे एका व्हॉल्वचं काय घेऊन बसायचं?

"ज्योत्स्ना, नारळ आण," शिवप्रसाद म्हणाला. "किल्ली उद्या देऊ, नारळ आजच फोडू."

"नारळ फोडू नको."

*

अव्वा कधी उठून आली ते कुणाला कळलं नव्हतं. ती सगळं बघत होती, आणि दुपारभर स्वतःशीच भांडत होती. जाणाऱ्या माणसाने शब्द घेतला होता, आणि तो मोडू नये असं तिला वाटत होतं. पण गाडीच्या आवाजाने तिन्ही लेकरं भुललेली बघितली, आणि तिने ठरवलं की मेलेल्या नवऱ्याला पुढे कधीतरी समजावता येईल.

"शिवा, बंद कर आधी ती."

शिवप्रसादने किल्ली फिरवली. एकदम शांत झालं.

"दवाखान्यात नेलं त्या दिवशी अप्पा ह्या गाडीत गेले न्हाईत," अव्वा म्हणाली.

"म्हणजे? तूच सांगितलंस, शेजारच्या पोरानं चालवली, वेळेत नेलं..."

"मी सांगितलं. कारण तेंनी सांगायला लावलं." ती गाडीला टेकली नाही, दोन हात लांबच उभी राहिली. "तू हैदराबादला मालाच्या मागं. अमर नांदेडला. ज्योत्स्ना माहेराला गेलती. पहाटे तेंच्या छातीत दाबायला लागलं. म्हणले, कुणाला उठवू नको, गाडी हाय आपली. सोता येऊन बसले आत. किल्ली फिरवली. कुंथली. पुन्हा फिरवली, पुन्हा कुंथली. मग म्हणले, जगदेवी, उतर, जरा ढकल."

अव्वाने दोन्ही तळहात पुढे केले.

"मी ढकलली. लई जोर लावला. जागची हलंना. म्हातारी बाई मी, किती ढकलणार? आतून म्हणायले, हाण, जगदेवी, हाण. अन् मग म्हणायचे थांबले." अव्वाने पदर तोंडाला लावला आणि पुन्हा काढला. "दूधवाल्याचा टेम्पो आला, त्यानं उचललं, त्यानंच नेलं. दवाखान्यात जरा शुद्धीवर आले तर मला म्हणतात, पोरास्नी सांगू नको गाडी सुरू झाली न्हाई म्हणून. शिवाचा लई जीव हाय तिच्यावर."

"अव्वा..." शिवप्रसादने गाडीचं दार ढकललं.

"गाडीमुळं गेले असं मी म्हणत न्हाई. झटका मोठा होता, डॉक्टर म्हणले. तेंची वेळ आलती. गाडीला मी दोष देत न्हाई रे, ती आधीबी तसलीच होती. तवा धक्का मारायला घर भरून माणसं होती, आख्खी गल्ली होती. म्हणून ती चांगली वाटायची आपल्याला. त्या दिवशी मी एकटी होते." तिने मंजुषाकडे बोट केलं. "अन् ही धर्माबादच्या रस्त्याला पहाटे एकटी असंल. आत ह्यो माणूस, अन् मागं ढकलायला ही. आता दे, द्यायची तर."

शिवप्रसाद गाडीतून उतरला. तो अव्वाजवळ आला आणि तिचे दोन्ही तळहात हातात घेऊन बघत राहिला, वर्षापूर्वीच्या खुणा अजून दिसतील अशा आशेने. मग तो रडला. येळवशीच्या दिवशी, जावयासमोर, रस्त्यावरून जाणारे लोक बघत असताना, घरचा थोरला माणूस तोंड न झाकता रडला. ज्योत्स्ना त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. लोकांपुढे तिने नवऱ्याला असा हात पहिल्यांदाच लावला असेल.

मंजुषा पुढे आली आणि म्हणाली, "दादा, मला अप्पांची गाडी नको."

"न्हाई देत," शिवप्रसाद म्हणाला. नाक शिंकरून त्याने उपरण्याला तोंड पुसलं. "तुला दुसरी कुठली दिसलीय का? खरं सांग."

अमरनाथ बोलायला पुढे झाला, पण मंजुषाने त्याला हाताने गप्प केलं. त्याची पाळी होऊन गेली होती. तिने स्वतःच सांगितलं. मास्तरांची गाडी, पेट्रोलची, एकाच हातातली. डावा दरवाजा एकदा ठोकून काढलाय, ते मास्तरांनी न विचारता सांगितलं. क्लच थोडा वर धरतो, तो बदलावा लागेल. बाकी इंजिन कोरडं आहे, धूर नाही. सांगता सांगता तिचा आवाज भरत गेला. माहेरी इतकं सलग ती कधी बोलली नव्हती, आणि इतकं सलग तिचं कुणी ऐकलंही नव्हतं.

"उद्या जाऊ," शिवप्रसाद म्हणाला. "आज रातीला नांदेडला अमरकडं मुक्काम करू, अन् उजाडायच्या आत मास्तरच्या दारात उभं राहू. गार असतानाच बघू. त्येला फोन कर, आधी चालू करून ठेवू नको म्हणावं. तू बघ, तू इचार, किती दोष काढायचे तितके काढ. मी मागं उभा राहतो. अन् ती गाडी माझ्याकडून, तिथं तू बोलायचं न्हाई."

"तिथं बोलणारच न्हाई," मंजुषा म्हणाली, आणि इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा तिचे खांदे सैल झाले.

अव्वा भज्जीचं उरलेलं पातेलं झाकायला वळली. ज्योत्स्नाने नारळ पुन्हा पिशवीत ठेवला. अमरनाथ विनाकारण गाडीचं बोनेट पुसू लागला. बसवराज काठी टेकून तसाच उभा होता.

"मीबी येतो," तो म्हणाला.

"तुमी कशाला त्या गारठ्यात? झोपा अमरच्या घरी."

"मला मागच्या सीटवर आडवं होऊन बघायचंय." बसवराज जरा थांबला, दम घेतला. "येताना लई गळून जातं अंग. पाय सोडता आले पाह्यजेत मला. न्हाई सोडता आले तर ती गाडी नको, दुसरी बघू."

मंजुषा नवऱ्याकडे बघतच राहिली. दुखणं लागल्यापासून त्याने स्वतःसाठी पहिल्यांदाच काही मागितलं होतं.